परदेशातून येणारा पैसा खरंच पासष्ट पट झाला का?

निपाणीच्या एका एम.कॉम. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रकल्पासाठी त्यांनी भारताच्या चालू हस्तांतरणाच्या, म्हणजे मोबदल्यात काही न देता परदेशातून आलेल्या पैशाच्या, जमेचे आकडे काढले. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात खासगी हस्तांतरण 1990-91 साली 2.1 अब्ज डॉलर दिसतं आणि 2024-25 साली 135 अब्ज. एवढी माणसं परदेशात गेली का, असं त्या विचारतात. त्यांचे मामा मस्कतला आहेत, ते घरी पाठवतात तो पैसा यात धरला जातो का? आणि रिझर्व्ह बँकेच्याच सर्वेक्षणात कर्नाटकाचा वाटा 2016-17 साली 15 टक्के होता, तो 2020-21 साली 5.2 टक्के कसा झाला?

मी बेळगावात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरीची बहुतेक वर्षं काढली. तक्त्यातला आकडा जिथे जन्माला येतो ते टेबल मी जवळून पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. मामांचा पैसा यात येतो. आकडेही खरे आहेत. पण देशाच्या जीडीपीशी ताडून पाहिलंत तर खरी उडी 1991 ते 1997 या सहा वर्षांतच दिसेल, आणि त्या सहा वर्षांत आखातातली आपली माणसं सहा पट झाली नव्हती. पैसा यायची वाट बदलली होती. कर्नाटकाच्या वाट्याचं कोडं बरंचसं बँक खात्याच्या पत्त्यात आहे.

आता आकड्यात काय बसतं ते बघू. व्यवहारतोल म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी झालेल्या देवघेवीचा हिशेब. त्याच्या चालू खात्यात चार कप्पे असतात: माल, सेवा, प्राथमिक उत्पन्न (पगार, व्याज वगैरे) आणि दुय्यम उत्पन्न. 2009 पूर्वीच्या पद्धतीत या चौथ्या कप्प्यालाच चालू हस्तांतरण म्हणत. त्याची खूण एकच. पैसा आला, पण त्याच्या बदल्यात आपण काही दिलं नाही. माल नाही, काम नाही, कर्जाची कबुली नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने आईला पाठवलेले पैसे, मंदिराला किंवा चर्चला आलेली देणगी, एका सरकारने दुसऱ्याला दिलेलं अनुदान, हे सगळं इथे.

बँकेत परदेशातून पैसा आला की त्याला एक पर्पज कोड द्यावा लागतो. कुटुंबखर्चासाठी अनिवासी भारतीयाने पाठवला तर पी-1301. वैयक्तिक भेट असेल तर पी-1302. धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला देणगी असेल तर पी-1303. हे कोड बँकांकडून रिझर्व्ह बँकेकडे जातात आणि त्यांच्या बेरजेतून तुमचा तक्ता तयार होतो. म्हणजे काउंटरवरच्या माणसाने कोणता कोड टाकला यावर बरंच अवलंबून. ग्राहकाने काही सांगितलं नाही आणि रक्कम लहान असली की हात आपोआप पी-1301 कडे जातो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

आपल्या भागातली उदाहरणं घ्या. खानापूरकडचा एखादा फिटर मस्कतला चार वर्षं आहे आणि नंदगडला बायकोच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकतो. तो ओमानचा रहिवासी धरला जातो. त्याचा पगार ओमानच्या हिशेबात आणि घरी आलेला पैसा आपल्याकडे हस्तांतरण. त्याचाच शेजारी जहाजावर आहे, गोव्याच्या एजंटामार्फत भरती झालेला. त्याचं प्रकरण निराळं. जहाजावरचा खलाशी, त्याचं घर-संसार जिथे असेल तिथला रहिवासी मानायचा, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा नियम आहे. त्यामुळे त्याचा पगार भारताच्या रहिवाशाने परदेशी मालकाकडून कमावलेला पगार ठरतो आणि तो प्राथमिक उत्पन्नात जातो, त्याचा कोड पी-1401. गंमत अशी की आयकराला आणि बँक खात्याला हाच खलाशी बहुधा अनिवासी असतो, एनआरई खातं (अनिवासींचं, पैसा परदेशी परत नेता येणारं) उघडतो आणि त्याचा पैसा पुष्कळदा पी-1301 मध्येच नोंदला जातो. नियमात दोन कप्पे, व्यवहारात सरमिसळ. वर्षाच्या आत परतणाऱ्या हंगामी कामगारांचंही तसंच.

टिळकवाडीत घरी बसून अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाचे डॉलर ही सेवांची निर्यात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीने जर्मनीला कास्टिंग पाठवलं तर ती मालाची निर्यात. मलेशियाहून बेळगावात डॉक्टरी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याची फी सेवांमध्ये, प्रवास या सदराखाली. उलट दिशेने, वडील निपाणीहून जर्मनीत शिकणाऱ्या मुलीला फी आणि खर्चाचे पैसे पाठवतात तेही हस्तांतरण नव्हे, कारण विद्यार्थी कितीही वर्षं बाहेर राहिला तरी मूळ देशाचाच रहिवासी धरतात. बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या मुलाने गावाकडे पाठवलेले पैसे अर्थातच कुठेच नाहीत, ते देशातल्या देशात फिरतात. पणजीहून आलेलेही. मात्र 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉकला कस्टमची तपासणी होत असे. तेव्हा मुंबईतल्या गोवेकराने गावी पाठवलेला पैसा म्हणजे भारतातून परदेशी जाणारं हस्तांतरण, आणि अनमोड घाट उतरून कामाला गेलेल्या माणसाचा पैसा परदेशातून आलेला. आज त्याच घाटातून येणाऱ्या पैशाची व्यवहारतोलात काहीच नोंद नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एनआरई ठेवींचा, आणि तुमच्या प्रकल्पात हा भाग हवाच. समजा मामांनी आईच्या साध्या बचत खात्यात पन्नास हजार टाकले. त्या दिवशी ते हस्तांतरणात आले. तेच पन्नास हजार त्यांनी स्वतःच्या नावावर एनआरई मुदत ठेवीत ठेवले तर हस्तांतरणात शून्य. तो पैसा त्यांना केव्हाही परदेशी परत नेता येतो, म्हणून ते देशाच्या डोक्यावरचं देणं. नोंद भांडवली बाजूला, म्हणजे जिथे देशाची देणी-घेणी मांडतात तिथे. व्याज मिळालं तर ते प्राथमिक उत्पन्नात, आपल्याकडून गेलेलं. तीन वर्षांनी मामा आले, घराचा स्लॅब टाकायला ठेव मोडली, इथेच रुपयात खर्च केली. आता त्या रकमेवर परत नेण्याचा हक्क उरला नाही, म्हणून ती भांडवली बाजूतून वजा होऊन खासगी हस्तांतरणात जमा होते. त्या दिवशी देशात एक डॉलरही आलेला नसतो, तरी तक्त्यातला आकडा वाढतो. खासगी हस्तांतरणाचे दोन मोठे भाग म्हणजे कुटुंबखर्चासाठी थेट आलेला पैसा आणि अनिवासी ठेवींतून इथे काढलेला पैसा. प्रवाशांनी सामानातून आणलेलं सोनं-चांदी हाही एक भाग असतो. आज त्याचं वजन नगण्य, पण एका काळात ते फार महत्त्वाचं होतं.

तो काळ म्हणजेच तुमच्या पासष्ट पटींचं मूळ.

1973 नंतर तेल महागलं आणि आखातात बांधकामं सुरू झाली. केरळातून लोंढा गेला, कोकणातून, कारवार-भटकळकडूनही गेली माणसं. 1980-81 साली खासगी हस्तांतरण सुमारे 2.7 अब्ज डॉलर होतं. पुढच्या दहा वर्षांत आखातातली माणसं वाढतच गेली, पण 1990-91 साली आकडा 2.1 अब्ज. म्हणजे घटला. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेलाचे भाव कोसळले. 1970 पासून एनआरई आणि 1975 पासून परकीय चलनातली अनिवासी ठेव अशा योजना होत्या, त्यांवर व्याज चांगलं, म्हणून कायदेशीर वाटेने येणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा ठेवींत, म्हणजे भांडवली बाजूला, जाई. मार्च 1991 पर्यंत या ठेवी सुमारे 14 अब्ज डॉलरवर गेल्या होत्या. आणि उरलेला बराच पैसा बँकेच्या दाराशी येतच नव्हता. सरकारी दर डॉलरला सुमारे 18 रुपये, बाहेर त्याहून जास्त. सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे दुबईच्या आणि इथल्या भावात भली मोठी तफावत. दुबईत दिरहम घेऊन इथे घरपोच रुपये देणारा हवालावाला त्याच दिरहमांचं सोनं घेऊन चोरवाटेने आणायचा. दोन्हीकडे नफा. घरच्यांना दोन पैसे जास्त मिळत, बँकेच्या रांगेत उभं राहावं लागत नसे. मग ड्राफ्टची वाट कोण बघणार?

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळला. तिथून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. त्यांचा पैसा थांबला, ठेवी काढून नेण्याची रीघ लागली, तेलाचं बिल फुगलं आणि 1991 च्या मध्यावर देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. तुमच्या तक्त्याची सुरुवात नेमकी या वर्षापासून होते, हे लक्षात ठेवा. तळातल्या वर्षापासून मोजलं की कोणतीही वाढ प्रचंड दिसते. 1980-81 पासून मोजलंत तर पासष्ट पट नव्हे, पन्नास पट येईल. 1996-97 पासून मोजलंत तर अकरा पट.

मग बदल भराभर झाले. जुलै 1991 च्या पहिल्या आठवड्यात रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन. मार्च 1992 मध्ये दुहेरी दराची पद्धत, एक सरकारी आणि एक बाजाराचा. त्याच वर्षी परतणाऱ्या अनिवासींना शुल्क भरून 5 किलोपर्यंत सोनं उघडपणे आणायला परवानगी. मार्च 1993 पासून सगळ्यांना एकच बाजारदर, आणि ऑगस्ट 1994 मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय, म्हणजे अशा व्यवहारांसाठी मोकळेपणाने बदलता येणारा. हवालावाल्याच्या नफ्याचे दोन्ही खांब एकदम खचले: बँकेचा दर बाजाराइतका झाला आणि सोन्याची तस्करी परवडेनाशी झाली. खासगी हस्तांतरण 1993-94 साली 5.3 अब्ज, 1994-95 साली 8.1 अब्ज, 1996-97 साली 12.4 अब्ज डॉलर झालं. जो पैसा आधीही घरी पोचत होताच, तो आता नोंदीत दिसू लागला. पूर्वी तस्करीने येणारं सोनंही हिशेबात आलं.

जीडीपीच्या प्रमाणात बघा. 1990-91 साली जेमतेम 0.7 टक्का. 1996-97 साली 3.2 टक्के. त्यानंतर आजपर्यंत हे प्रमाण अडीच ते चार टक्क्यांच्या मध्ये वरखाली होत राहिलंय. 2008-09 साली ते पावणेचारच्या आसपास होतं, 2024-25 साली साडेतीनच्या आसपास. म्हणजे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डॉलरमधला आकडा दहा पटींहून जास्त वाढला, पण अर्थव्यवस्थाही जवळपास त्याच वेगाने वाढली. वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येणारा ‘विक्रमी’ हा शब्द त्यामुळे मला फारसा सांगत नाही. महागाई आणि वाढता जीडीपी असताना विक्रम व्हायचाच.

मधल्या चढउतारांत मात्र शिकण्यासारखं आहे. 1996-97 ते 2000-01 पर्यंत आकडा दहा ते तेरा अब्जांमध्ये अडकून होता. नंतर संगणकवाल्यांची पिढी अमेरिकेत स्थिरावली आणि 2003-04 साली 22 अब्ज, 2007-08 साली 43 अब्ज झाले. जागतिक बँकेच्या कॅलेंडर वर्षांप्रमाणे 2014 साली 70 अब्ज होते, तेलाचे भाव पडल्यावर 2016 साली 63 अब्जांपर्यंत खाली आले. कोरोनात तर भलताच प्रकार. एप्रिल 2020 मध्ये जागतिक बँकेने भारताचा आकडा 23 टक्क्यांनी पडेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात वर्षभरात 83.3 अब्जांचे 83.1 झाले, एवढंच. घर अडचणीत असलं की बाहेरचा माणूस स्वतःची बचत मोडूनही पाठवतो, हे एक. विमानंच बंद, त्यामुळे खिशातून रोख आणणं थांबलं आणि तो पैसा बँकेतून आला, हे दुसरं. मला दुसरं कारण लोक समजतात त्याहून मोठं वाटतं. 2022 साली 111 अब्ज झाले, शंभर अब्ज ओलांडणारा भारत पहिला देश.

अमेरिकेने अमिरातीला मागे टाकलंय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 2016-17 च्या सर्वेक्षणात अमिरातीचा वाटा 26.9 टक्के आणि अमेरिकेचा 22.9, 2023-24 साली अमेरिका 27.7, अमिराती 19.2. दिशा खरी आहे, पण शेवटचा टक्का खरा मानू नका. कित्येक देशांतला पैसा अमेरिकन बँकांच्या मार्फत फिरून येतो आणि ‘अमेरिकेतून आला’ अशी नोंद होते.

आता कर्नाटक. 2016-17 च्या सर्वेक्षणात केरळ 19, महाराष्ट्र 16.7 आणि कर्नाटक 15 टक्के. 2020-21 साली महाराष्ट्र एकदम 35.2, केरळ 10.2, कर्नाटक 5.2. आणि 2023-24 साली महाराष्ट्र 20.5, केरळ 19.7, कर्नाटक 7.7. महाराष्ट्राचा वाटा चार वर्षांत दुप्पट होऊन पुढच्या तीन वर्षांत पुन्हा निम्म्याच्या जवळ येतो, हे माणसांच्या येण्याजाण्याने होत नाही. असं हिंदोळणारं प्रमाण दिसलं की मी आधी मोजमापाकडे बघतो. हे सर्वेक्षण बँकांना विचारून केलेलं असतं, घरांना विचारून नव्हे. बँक सांगते ती तिच्या नोंदीप्रमाणे: खातं कुठलं, शाखा कुठली. मुंबईतल्या मध्यवर्ती कार्यालयात जमा होऊन पुढे गेलेला पैसा महाराष्ट्राच्या नावावर पडण्याची शक्यता मोठी.

आपल्या सीमाभागात हे किती ठळक दिसतं! निपाणीच्या कित्येकांची खाती कोल्हापूरला असतात, खानापूर-जांबोटीकडच्यांची गोव्यात. परदेशी जाण्याआधी मुंबईत चार वर्षं काढलेल्या माणसाचं एनआरई खातं मुंबईच्याच शाखेत राहतं. एटीएम आणि मोबाइलमुळे ते हलवायची गरजही पडत नाही. पैसा नंदगडला खर्च होतो, घर नंदगडला बांधलं जातं, सिमेंटवाल्याला तिथेच मिळतात, आणि सर्वेक्षणात तो पैसा महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा. सीमावाद कोर्टात चालू द्या; सर्वेक्षणाच्या तक्त्यात आपला भाग कुठल्या राज्यात आहे हे खातं उघडलेली शाखा ठरवते. त्यामुळे ‘कर्नाटकातून स्थलांतर घटलं’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून प्रकल्पात कृपया काढू नका.

सरकारी अनुदानांबद्दल फार लिहिण्यासारखं राहिलेलं नाही. एके काळी त्यांना महत्त्व होतं. 2003 साली भारताने मोजके देश सोडून बाकीच्यांची द्विपक्षीय मदत घेणं थांबवलं, 2004 च्या त्सुनामीत आणि 2018 च्या केरळच्या पुरात परदेशी सरकारांची मदत नाकारली. आता भूतान-नेपाळला आपणच देतो, ती वजा बाजूला जाते. एक फरक मात्र परीक्षेत विचारतात. पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली अमेरिकेकडून रुपयांत घेतलेल्या गव्हाचे जे पैसे साचले होते, त्यातले सुमारे 2 अब्ज डॉलरइतके रुपये अमेरिकेने फेब्रुवारी 1974 मध्ये एका धनादेशाने सोडून दिले. असं मोठं कर्ज माफ होणं आजच्या वर्गीकरणात चालू हस्तांतरण ठरत नाही, ते भांडवली हस्तांतरण. 1998 चे रिसर्जंट इंडिया बाँड किंवा 2000 च्या मिलेनियम ठेवी यांतून आलेले अब्जावधी डॉलरही इथे धरायचे नाहीत. ती उसनवारी होती, व्याजासकट फेडली.

या पैशाला देशाचं ‘उत्पन्न’ म्हणावं का, हेही तुम्ही विचारलंय. जीडीपीत तो नाही, कारण इथे त्यासाठी काही उत्पादन झालं नाही. सकल राष्ट्रीय उत्पन्नातही नाही, त्यात प्राथमिक उत्पन्नापर्यंतच मोजतात. त्याच्या पुढची पायरी, सकल राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्न, तिथे तो मिळवतात. घरात खर्चायला किंवा शिल्लक टाकायला किती पैसा आहे, याचं ते माप. आणि देशाच्या दृष्टीने त्याचं वजन कमी समजू नका: अलीकडच्या वर्षांत मालाच्या व्यापारातली जवळपास निम्मी तूट याच पैशाने भरून निघते.

तुमच्या तक्त्यासाठी तीन-चार सूचना. जागतिक बँकेचे आकडे कॅलेंडर वर्षाचे, रिझर्व्ह बँकेचे एप्रिल ते मार्च. एका आलेखात मिसळू नका. जागतिक बँकेच्या ‘वैयक्तिक प्रेषण’ (पर्सनल रेमिटन्स) या मालिकेत हंगामी कामगारांचा पगारही मिळवलेला असतो, तर दुय्यम उत्पन्नाच्या मालिकेत तो नसतो पण सरकारी अनुदान असतं. त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत आणि जुळवायचा प्रयत्नही करू नका. डॉलरच्या शेजारी जीडीपीतल्या प्रमाणाचा स्तंभ घ्या, आणि जमल्यास रुपयाचाही, कारण 1990-91 साली डॉलर 18 रुपयांचा होता आणि 2024-25 साली 84 च्या आसपास. मामांच्या घरच्यांना रुपयेच दिसतात. जानेवारी 2026 पासून अमेरिकेने रोख रक्कम आणि मनीऑर्डरने बाहेर पाठवलेल्या पैशावर 1 टक्का कर लावलाय, बँक खात्यातून पाठवलेल्यावर नाही. आपल्याकडचे बहुतेक लोक खात्यातूनच पाठवतात, तेव्हा त्यावर एक परिच्छेद पुरे.

आणि निपाणी-चिकोडीकडच्या घरांचं छोटं सर्वेक्षण करणार असाल तर ‘महिन्याला किती येतात’ एवढ्यावर थांबू नका. पैसा कुणाच्या नावावरच्या खात्यात येतो, ते खातं कुठल्या गावच्या शाखेत आहे, आणि वर्षभरात एखादी एनआरई ठेव मोडली का, हे तीन प्रश्न घाला. पहिल्या दोनची उत्तरं लोक सहज देतात. तिसऱ्यासाठी घरातल्या बाईला विचारा.